तयार सांगाड्याची परीक्षा: 2010 च्या आरजी गंडमचे दोन नग

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या टेबलावर एकाच प्लास्टिक मॉडेल किटचे दोन नग समोर होते. एक खोक्यात, आतल्या पिशव्या न फाडलेला. दुसरा बांधून झालेला, वाशीतल्या एका घरी खिडकीसमोरच्या काचेच्या कपाटात बरीच वर्षं उभा असलेला. दोन्हींचा मालक एकच. त्याला तीन गोष्टी हव्या होत्या: न उघडलेला तसाच ठेवायचा की बांधायचा, बांधलेला कुणाला देण्याजोगा उरलाय का, आणि दोन्हींची किंमत कशावरून धरायची. न उघडलेला नग बांधून बघायची परवानगी त्यानं आधीच दिली होती, म्हणून ही तपासणी नीट करता आली. जुन्याला तोलायला नवा समोर असला की अंदाजाचं काम उरत नाही.

किट म्हणजे जपानी कंपनी बंदाईचं रिअल ग्रेड (बोलीत आरजी) या श्रेणीतलं, 1/144 मापाचं आरएक्स-78-2 गंडम, जपानी ॲनिमे मालिकेतला रोबो. जुलै 2010 मध्ये आलं, जपानातली मूळ किंमत 2,500 येन अधिक कर. गनप्लाला, म्हणजे गंडमच्या प्लास्टिक मॉडेलांना, तेव्हा तीस वर्षं पूर्ण होत होती. पहिलं मॉडेल जुलै 1980 चं, मापही हेच, किंमत 300 येन. ते डिंकानं चिकटवायचं आणि स्वतः रंगवायचं. मालिका मात्र त्याच्या आदल्या वर्षीची, 1979 ची. 'तिशीचा स्पेशल' म्हणून कुणी खोका दाखवला तर आधी विचारायचं, तिशी कोणाची? मालिकेची तिशी 2009 ला झाली, गनप्लाची 2010 ला. दोन्ही निमित्तांची किटं वेगवेगळी आहेत आणि विकताना ती सर्रास एकमेकांच्या नावावर खपतात.

असल्या टप्प्यांच्या आसपास कंपनीनं हाच रोबो पुन्हा नव्यानं केला आहे. 1990 ला हाय ग्रेड, 1995 ला मास्टर ग्रेड, 1998 ला परफेक्ट ग्रेड, 2010 ला आरजी, 2020 ला परफेक्ट ग्रेड अनलीश्ड. रोबो तोच ठेवायचा आणि साचाकाम कुठवर आलं ते त्याच्यावर दाखवायचं, अशी ही रीत आहे. म्हणून आमच्या मते स्मरणार्थ निघालेल्या गंडमची पारख खोक्यावरच्या चिन्हावरून करू नये. त्या वर्षी साच्यानं नवं काय करून दाखवलं ते शोधावं आणि ते आज कितपत शाबूत आहे ते बघावं. 2010 च्या आरजीत ते एका रनरवर, म्हणजे पार्ट जिला जोडलेले येतात त्या प्लास्टिकच्या चौकटीवर, आहे: हातपाय, सांधे सगळं जोडून, हलतं होऊनच येणारा सांगाडा. त्याला नाव आहे ॲडव्हान्स्ड एमएस जॉइंट.

खोक्याचं काम लवकर आटपलं. गनप्लाच्या खोक्याला सहसा वरून प्लास्टिकचं वेष्टन नसतं, झाकण उचललं की उघडतो. त्यामुळे 'सीलबंद' या शब्दाला अर्थ आतल्या पिशव्यांपुरताच. पिशव्यांची वितळवून बंद केलेली कड सलग आहे का, तेवढं बघायचं. सेलोटेप दिसली तर पिशवी उघडून पुन्हा बंद केलेली आहे. खोका किती जुना हे ओळखायची एक खूण भरवशाची आहे. 2018 पासून हा व्यवसाय बंदाई स्पिरिट्स या कंपनीकडे गेला आणि खोक्यावरचं चिन्ह लाल 'बंदाई' ऐवजी निळं 'बंदाई स्पिरिट्स' झालं. आमच्या हातातल्या खोक्यावर लाल चिन्ह होतं, म्हणजे तो बदलाच्या आधीचा. यापुढे जाऊन 'पहिल्या छपाईचा' असं म्हणायला आधार नव्हता, म्हणून तसं लिहून दिलं नाही. रनरच्या पट्टीवर 2010 हा आकडा असतो आणि अनेक जण तो दाखवून 'हा बघा, 2010 चा माल' म्हणतात. तो आकडा साच्याचा आहे. काल छापलेल्या रनरवरही तोच येणार.

नकली माल आपल्याकडे भरपूर फिरतो, त्यामुळे पट्टी नीट वाचणं भाग आहे. अस्सल रनरच्या पट्टीवर अक्षर-क्रमांक, किटचं नाव, कंपनीचं नाव आणि प्लास्टिकचा प्रकार कोरलेला असतो. अक्षरांच्या कडा भिंगाखाली धारदार दिसतात. नकलेत त्या गोलसर होतात, कारण नकलेचा साचा बहुधा अस्सल पार्टावरूनच काढलेला असतो आणि नक्कल करताना बारकावा मरतो. बारकोड तपासून काही सिद्ध होत नाही, तो जसाच्या तसा छापता येतो.

मग पुस्तिकेतलं रनरचं पान उघडून एकेक रनर त्यावर ताडून पाहिला. हे काम दोघांनी करावं, एकानं पुस्तिकेतून अक्षर सांगायचं, दुसऱ्यानं रनर उजेडासमोर धरायचा. सुटलेला पार्ट पिशवीच्या कोपऱ्यात असतो, म्हणून पिशव्या शेवटपर्यंत फेकायच्या नाहीत. उजेडासमोर धरल्यावर तीन गोष्टी कळतात: प्लास्टिक कोपऱ्यापर्यंत पोचलंय की नाही, जाड जागी खळगा पडलाय का, आणि पार्ट वाकून कुठे पांढरी रेघ उमटली आहे का. ही तिसरी खूण वाहतुकीतल्या दाबाची. आमच्या नगात एका लाल पार्टाच्या गेटपाशी (पार्ट रनरला जोडणाऱ्या बारीक दांड्यापाशी) ती होती, सांगाडा स्वच्छ होता.

आता तो सांगाडा. पिशवीतून काढला तेव्हा तो गडद राखाडी रनरवर आडवा पडलेला होता. मांडी, गुडघा, पोटरी एका ओळीत. दंड, कोपर, पुढचा हात दुसऱ्या ओळीत. पंजा तर हलत्या बोटांसकट, आणि ती बोटं तांदळाच्या दाण्याहून फार मोठी नाहीत. एक सांधा एका प्लास्टिकचा, त्याच्या पोटात दुसरा तुकडा दुसऱ्या प्लास्टिकचा. साच्यात एकामागून एक असं प्लास्टिक सोडतात आणि ती एकमेकांना चिकटत नाहीत अशी निवडलेली असतात, म्हणून साच्यातून निघतानाच बिजागरी फिरते. ही कल्पना अगदी नवी नव्हती. 1990 च्या हाय ग्रेडमध्येही जोडून आलेला सांगाडा होता. वीस वर्षांनी ती 12.5 सेंटिमीटर उंचीच्या रोबोत गुडघ्याच्या सरकत्या पट्ट्यांपर्यंत नेली.

ही उंचीसुद्धा हिशेबातली आहे. कथेतला गंडम 18 मीटरचा. 18 मीटरला 144 नं भागलं की 12.5 सेंटिमीटर. 2009 मध्ये टोकियोच्या ओदाइबा भागात याच रोबोची पूर्ण 18 मीटरची मूर्ती उभी राहिली होती, 2010 ला ती शिझुओकाला नेली. आरजीच्या अंगावरच्या रेघा, पट्ट्यांची विभागणी आणि दोन वेगळ्या छटांचा पांढरा हे सगळं त्या मूर्तीवरून आलं आहे. त्यामुळे हा पांढरा कुणी एकाच रंगानं रंगवून टाकला असेल तर स्मरणाचा अर्धा भाग झाकला गेला असं आम्ही धरतो आणि मूल्यांकनात तसं स्पष्ट लिहितो.

सांगाडा रनरवरून काढताना घाई केली की किट तिथेच बिघडतं. निपरचा (पार्ट कापायच्या पक्कडीचा) पहिला काप पार्टापासून 2–3 मिलिमीटर लांब, दुसरा 0.5 मिलिमीटर सोडून, उरलेला नब, म्हणजे गेटचा खुंट, कटरनं पातळ पापुद्र्यासारखा काढायचा. इथवर सगळ्या किटांसारखंच. फरक पुढे आहे. या सांगाड्यात गेट बाहेरच्या कडेलाच असतात असं नाही, दोन हलत्या तुकड्यांच्या मधल्या फटीतही असतात. एक जरी राहिला तर सांधा वळत नाही, आणि वळत नाही म्हणून जोर लावला की गेट न तुटता खुंटी तुटते. म्हणून पुस्तिकेतल्या चित्रात जिथे जिथे कापायची खूण आहे ती मोजून, कापलेले तुकडे वाटीत टाकून, संख्या जुळल्याशिवाय आम्ही एकही सांधा वाकवला नाही.

पहिलं वाकवणं मुद्दाम हळू करायचं. साच्यात दुसरं प्लास्टिक थंड होताना आकसतं आणि पहिल्याला घट्ट धरून बसतं. सांध्याच्या दोन्ही बाजूंना अंगठा आणि तर्जनी जितकी जवळ धरता येतील तितकी जवळ धरायची, आणि आधी 5–10 अंशच पुढे-मागे करायचं. पायाचं टोक धरून गुडघा वाकवणं म्हणजे तरफेनं खुंटी उपटणं. गुडघा सुटताना बारीक 'कट्' असा आवाज आला. हा आवाज एकदाच यायला हवा. पुन्हा पुन्हा आला तर काहीतरी चिरत आहे, तिथेच थांबून भिंग लावायचं. सगळे सांधे एकेकदा पूर्ण फिरवले, आणि मगच वरचं कवच चढवायला घेतलं. कवच चढल्यावर सांधा सोडवायचा म्हटलं तर बोटांना पकड मिळत नाही आणि कवच निसटतं.

पंज्याला वेगळा वेळ द्यावा. बोटांमधले गेट निपरच्या जाड टोकाला पोचत नाहीत, तिथे नव्या पात्याचं कटर लागतं, आणि पातं दाबून न कापता वरखाली हलकं ओढत न्यायचं. शस्त्राच्या मुठीवर एक छोटी जीभ असते, ती तळव्यातल्या खाचेत बसते. रायफल प्रत्यक्षात त्या जिभेवर तोललेली असते, बोटं वरून नुसती मिटतात. त्यामुळे बोट सैल झालं तरी शस्त्र पडत नाही, पण जीभ घासली तर पडतं. जुना नग बघताना याचा फार उपयोग झाला.

कवचाला विशेष काही लागत नाही. पांढऱ्या पार्टांवर नबचा डाग फारसा दिसत नाही, लाल आणि निळ्यावर मात्र पांढरट ठिपका लगेच उठतो. तिथे 600, 800, 1000 असा पॉलिश पेपर क्रमानं, तोही छोट्या तुकड्याला सपाट पट्टी लावून, म्हणजे कड गोल होत नाही. डोक्यावरच्या पिवळ्या व्ही आकाराच्या शिंगांना टोकाशी जास्तीचं प्लास्टिक सोडलेलं असतं, लहान मुलांना टोचू नये म्हणून. ते काढायचं की नाही ही आवड आहे. मूल्यांकनात मात्र काढलेलं असेल तर दोन्ही शिंगं सारखी आहेत का एवढं बघतो. कमरेच्या पुढच्या पट्ट्या छोट्या गोळ्यांवर अडकतात आणि पाय पुढे घेतला की सुटू शकतात. तो या मापाचा स्वभाव आहे, दोष म्हणून गुण कापले नाहीत.

स्टिकरच्या वेळी नौपाड्यातल्या जुलैनं काम अडवलं. खोलीतला आर्द्रतामापक 84 टक्के दाखवत होता. आरजीचे स्टिकर फार बारीक, काही चकचकीत धातूसारख्या कागदावर, सांगाड्याच्या आत लागणारे. दमट हवेत दोन गोष्टी होतात. बोटाचा घाम चिमट्यावर येतो आणि स्टिकर पार्टाऐवजी चिमट्याला चिकटून राहतो. आणि पार्टावर ओलसर थर असला की कडा दुसऱ्या दिवशी उचलतात. खोलीचा एसी तासभर ड्राय मोडवर चालवून आकडा साठीच्या आत आणला, पार्ट सुक्या मऊ कापडानं पुसले, मग एक कोपरा टेकवून, जागा बघून, कापसाच्या काडीनं मधून बाहेर दाबत नेलं. जुन्या खोक्यातल्या स्टिकरचा गोंद माळ्यावरच्या उन्हाळ्यानं कोरडा होऊ शकतो. आधी एखादा कमी महत्त्वाचा स्टिकर लावून रात्रभर ठेवायचा. आमचा सकाळी जागेवर होता, म्हणून तेच पान वापरलं. उचलला असता तर पान 'वापरण्याजोगं नाही' असं लिहून खोक्याच्या किमतीतून तेवढं वजा केलं असतं.

नवा नग उभा राहिल्यावर मोजमापं. शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक भिंतीला चिकटवला आणि रोबो त्याच्यासमोर उभा केला. उजव्या हातात बझूका, हात खांद्यातून सरळ 90 अंशांवर. एक फोटो लगेच, एक तासानं, एक 24 तासांनी, मोबाइल एकाच जागी ठेवून. नंतर एका पायावर तोल, मग दोन्ही गुडघे पूर्ण वाकवून पट्ट्या सरकतात का. नव्या नगाचा हात तासाभरात हलला नाही, 24 तासांत जेमतेम 3 अंश उतरला. हे आमचं माप झालं.

आता वाशीचा नग. दुरून बघताना पहिली गोष्ट रंग. खिडकीकडच्या बाजूचा पांढरा पिवळट पडला होता, पाठीमागचा नव्हता. हे उन्हानं होतं, काच त्याला पुरती अडवत नाही. दोन पांढऱ्या छटांपैकी उजळ छटेवर ते जास्त दिसलं, त्यामुळे समोरून दोन्ही छटा जवळजवळ एक झाल्या होत्या. नव्या नगाशेजारी ठेवल्यावर फरक मालकालाही लगेच दिसला. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून ऊन दाखवून पांढरं करायची रीत लोक वापरतात. सांगाड्यावर चढलेल्या आणि स्टिकर लावलेल्या नगावर आम्ही ती करत नाही, कारण स्टिकर जातात, आणि उन्हात ठेवायचंच तर मूळ दुखणं परत दिलं.

मग हात. बझूका दिला, 90 अंशांवर नेला, सोडला. दहा मिनिटांत हात 40 अंशांपेक्षा जास्त खाली आला होता. बझूका काढून नुसता हात ठेवला तर राहत होता. म्हणजे खांदा पुरता गेलेला नाही, पण लांब वजन पेलण्याइतकी पकड उरलेली नाही. याचं कारण सांध्याच्या बांधणीत आहे. ज्या किटांत पॉलिकॅप असतं तिथे मऊ पॉलिइथिलीनची ती वाटी खुंटीला स्वतःच्या लवचिकपणानं दाबून धरते, आणि फारच सैल झाली तर दुसऱ्या किटमधली घालता येते. तयार सांगाड्यात दोन कडक प्लास्टिकांचं घर्षण एवढीच पकड. प्रत्येक हालचालीला त्यातलं थोडं झिजतं, आणि सांधा उघडून तुकडा बदलायची सोय नाही, कारण तो जोडलेलाच जन्माला आला. म्हणून या किटला रोज नवी पोझ देणं म्हणजे त्याचं आयुष्य खर्च करणं. नंतरच्या आरजी किटांत तयार सांगाड्याचा वाटा कमी होत गेला, आणि 2024 ला याच रोबोचं दुसरं आरजी आलं ते नेहमीसारख्या जोडायच्या सांध्यांचं. त्यामुळे 2010 चा सांगाडा एका विशिष्ट काळाची खूण होऊन बसला आहे, आणि आमच्या नजरेत त्यानं त्याचं मोल वाढलं.

पोटरीचं कवच काढल्यावर आत दिसलं ते जास्त गंभीर. डाव्या घोट्याजवळ सांगाड्याला केसाएवढी चीर, आणि चिरेत काळी शाई. कुणीतरी रेघा भरायला एनॅमलची पातळ शाई वापरली होती, ती कवचाच्या फटीतून आत उतरली. एनॅमलचा थिनर ताणाखालच्या प्लास्टिकमध्ये, विशेषतः एबीएसमध्ये, शिरला की ते ठिसूळ होतं, आणि घोट्यावर तर सगळ्या रोबोचं वजन. चीर लगेच पडतेच असं नाही, काही दिवसांनी कवच दाबताना पडते, त्यामुळे बांधणाऱ्याला शाईचा संशयही येत नाही. रेघा भरायच्या असतील तर कवच सुटं असताना, एकेक पार्ट हातात घेऊन, बारीक टोकाच्या पेननं भराव्यात आणि जास्तीची रबरानं पुसावी. सांगाड्याला शाई लावूच नये, तो मुळात गडद आहे.

चीर बुजवायला फेविक्विक घालायचा मोह होतो. पातळ फेविक्विक चिरेतून धावत सांध्यात जातं आणि घोटा कायमचा गोठतो. त्याऐवजी जाडसर, जेलसारखं सुपरग्लू सुईच्या टोकावर घेऊन फक्त बाहेरून, चिरेच्या दोन टोकांना एकेक ठिपका, मधे काही नाही. रात्रभर सुकू दिलं. घोटा फिरतो, आणि चीर पुढे सरकायची थांबली आहे का ते महिन्याभरानं पुन्हा बघायचं ठरलं. उभं करायचं नाही, 1/144 मापाच्या ॲक्शन बेसवर (मॉडेल अधांतरी धरणाऱ्या स्टँडवर) कंबरेतून टांगून ठेवायचं, म्हणजे घोट्यावर वजनच येत नाही.

खांद्यासाठी वेगळा उपाय. सांगाड्याच्या आतली बिजागरी घट्ट करायचा सुरक्षित मार्ग आम्हाला सापडलेला नाही, पण खांदा छातीत जिथे खुंटीनं बसतो ती जागा सुटी होते. तिथे नळाला लावतात ती टेफलॉन टेप उपयोगी पडली, जांभळी नाक्याजवळच्या हार्डवेअरच्या दुकानातून आणलेली साधी गुंडाळी. 3 मिलिमीटर रुंदीची पट्टी कापून खुंटीभोवती एकच वेढा, बसवून बघायचं, कमी पडलं तरच दुसरा. तीन वेढे घातले तर खुंटी आत जाते पण छातीचं कवच फाकतं. एका वेढ्यानं हात तासभर 90 अंशांवर राहिला, 24 तासांत 11 अंश उतरला. नव्याची बरोबरी नाही, पण कपाटात रायफल धरून उभं राहायला पुरेसं. बझूका पाठीवर.

तळव्यातली खाच आणि रायफलची जीभ दोन्ही शाबूत होत्या. याचा अर्थ मालकानं शस्त्रं फार बदललेली नाहीत. ही एक गोष्ट त्या नगाच्या बाजूनं ठळक लिहिली.

टॉपकोटबद्दल, म्हणजे सगळ्यात वरून मारायच्या पारदर्शक थराबद्दल, मालकाचा आग्रह होता की दोन्ही नगांवर मॅट मारूनच द्या. पावसाळ्यात नाही म्हणालो. स्प्रेमधला द्रव उडून जाताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि कोटाच्या आत अडकून पांढरं धुकं उमटतं. आर्द्रता ऐंशीच्या वर असताना हे जवळपास ठरलेलं, आणि खाडीकडे तोंड असलेल्या घरात, ऐरोली-वाशीच्या बाजूला तर संध्याकाळी एसी बंद केला की आकडा पुन्हा चढतो. लाल-निळ्या पार्टांवर ते धुकं राख फासल्यासारखं दिसतं. डिसेंबर-जानेवारीत, दुपारी, आर्द्रता साठीच्या खाली असताना, डबा कोमट पाण्यात दोन मिनिटं धरून, 20–25 सेंटिमीटर लांबून, दोन पातळ हात. तेही कवच सुटं करून. सांध्यात कोट गेला की पहिल्या हालचालीला तो खवल्यांनी सुटतो आणि सांध्यात अडकतो.

शेवटी किंमत. एक गोष्ट मालकाला आवडली नाही, पण सांगावीच लागली. हे किट साचे तेच ठेवून पुन्हा पुन्हा छापलं गेलं आहे, त्यामुळे निव्वळ जुना खोका म्हणून दुर्मिळतेचे पैसे मागता येत नाहीत. लाल चिन्हाच्या खोक्याला संग्राहक थोडं जास्त देतात, ते खोका कोपऱ्यांनी सरळ आणि फुगलेला नसेल तर. आमच्या दमट हवेत पुठ्ठा फुगतो तो तळाकडून. खोका फरशीला लावून ठेवला की आधी तिथेच. त्याचा खोका माळ्यावर, लाकडी फळीवर होता, म्हणून वाचला. नवा नग आता बांधला गेला आहे, त्याची किंमत बांधलेल्याची धरायची, पण मोजमापांचे फोटो आणि तारखा सोबत द्यायच्या. घेणाऱ्याला सांध्याची अवस्था हातात न घेता कळते, आणि या किटमध्ये विकली जाणारी खरी वस्तू तीच आहे. वाशीचा नग विकू नये असं आम्ही सुचवलं. चीर पडलेला घोटा सांगून विकला तर काही मिळणार नाही, न सांगता विकणं आम्हाला मान्य नाही.

नव्या नगाचे उरलेले रनर फेकले नाहीत. राखाडी रनरच्या मधल्या पट्टीचा 4 सेंटिमीटरचा तुकडा, ज्यावर एबीएस कोरलेलं आहे, कापून खोक्यात ठेवला: घोट्याची चीर वाढलीच तर शाई-थिनर-गोंदाची चाचणी आधी त्या तुकड्यावर करता येईल. सोबत सिलिका जेलच्या दोन पुड्या, न वापरलेले स्टिकर मेणकागदात, आणि पुस्तिका सपाट, सगळ्यात वर. वाशीच्या नगासाठी कपाट खिडकीसमोरून बाजूच्या भिंतीला हलवायला सांगितलं आणि ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात घोट्याचा पुन्हा फोटो घ्यायचं ठरलं, याच भिंगाखाली, याच कोनातून.